'एकोज' पहिल्या नंबरवरून खाली का आलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या गाण्यांच्या माझ्या यादीत इतकी वर्षं 'एकोज' पहिलं होतं, मग 'विश यू वेअर हिअर' वर कसं गेलं? जुनी यादी पाहिलेला प्रत्येक जण हे विचारतो, आणि स्वरात नाराजी असतेच. 'मेडल' या अल्बमची अख्खी दुसरी बाजू व्यापणारी 23 मिनिटांची रचना खाली, आणि गिटार शिकायला लागलेलं प्रत्येक पोर वाजवतं ते पाच मिनिटांचं गाणं वर! हळवी झालीस, असंही ऐकून झालं.

जुनी यादी मी वहीत रकाने आखून केली होती. रचना, वादन, शब्द, नवेपणा. प्रत्येकाला दहापैकी गुण. स्वतःची आवडनिवड मध्ये येऊ द्यायची नाही, यावर माझा फार कटाक्ष होता. 'एकोज'ला चाळीसपैकी अडतीस. बँडमधल्या रिक राइटच्या पियानोचा, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून आलेला तो एकच सूर, आणि मधल्या काळोख्या भागात गिटारवादक डेव्हिड गिलमरने वा-वा पेडलच्या (गिटारचा आवाज पायाने बदलायच्या पेडलच्या) वायरी उलट्या जोडून काढलेले ते चीत्कार. 1971 साली असं किती जण करत होते, हा माझा युक्तिवाद असायचा. आजही मला तो खोडता येत नाही.

मग एका सकाळी उठले तर डावा कान बंद. दुखत नव्हतं. आत कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं आणि एक बारीक शीळ वाजत होती. सर्दी असेल, मळ असेल, म्हणून नऊ दिवस काढले. डॉक्टरांनी आधी विचारलं, किती दिवस झाले? मी सांगितलं तेव्हा ते लिहिता लिहिता थांबले. कान असा अचानक गेला तर स्टिरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, हे मला तिथे कळलं. आयुष्यभर गाणी ऐकण्यापलीकडे दुसरा नाद केला नाही, आणि कानाबद्दल एवढंही ठाऊक नव्हतं. त्या नऊ दिवसांचं मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. मग तपासणीच्या बंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी मी भराभर दाबत गेले. नंतर बराच वेळ काहीच येईना. डाव्याची तपासणी अजून सुरू व्हायची असेल, असं समजून मी बटणावर अंगठा ठेवून बसले होते. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, आवाज केव्हाचे चालू आहेत.

घरी येऊन हेडफोन लावले. त्यांच्याच 'ऑन द रन'मधली पावलं एका कानातून दुसऱ्या कानात पळत जातात. माझी वाटेतच विरली. 'मनी'च्या सुरुवातीला नाणी, गल्ला, कागद फाटल्याचा आवाज असं सात मात्रांचं चक्र आहे. त्यातले काही ठोके अगदी पुसट झाले आणि चक्र लंगडायला लागलं. फोनमध्ये आवाज मोनो करायची, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज सोडायची सोय असते, तीही वापरून पाहिली. सगळे आवाज आले, पण त्यांच्यामधली जागा गेली. 'एकोज' तर त्या जागेतच घडतं. मी ते अर्ध्यात बंद केलं आणि महिनाभर काहीच ऐकलं नाही.

'विश यू वेअर हिअर' सुरू होतं ते रेडिओची स्टेशनं बदलण्याच्या आवाजाने. तो गिलमरच्या गाडीतल्या रेडिओवरून घेतलेला आहे. मग गिटार येते, ती पातळ, चिरकी, लहानशा रेडिओतून आल्यासारखी मुद्दाम केलेली. मला तेव्हा सगळंच संगीत तसं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने कुणीतरी खोकतं, आणि दुसरी गिटार लागते: भरीव, अगदी जवळची, शेजारी बसून कुणी त्या रेडिओला साथ द्यावी तशी. ते पहिलं मिनिट त्या रात्री किती वेळा लावलं, मोजलं नाही.

तुम्ही म्हणाल, हे गुण गाण्याला नाहीत, कानाला आहेत. वहीत रकाने आखणारी मीही हेच म्हणाले असते: आजार तुझा, त्यात गाण्याचा काय दोष? तिचं बरोबर आहे. पण तिचे अडतीस गुणही दोन धडधाकट कानांनीच दिलेले होते, हे तिच्या लक्षात कुठे आलं होतं? हे गाणं सिड बॅरेटच्या, म्हणजे बँड सुरू करणाऱ्यांपैकी एकाच्या आणि पुढे बँडबाहेर पडलेल्याच्या आठवणीशी जोडलं जातं. 5 जून 1975 रोजी तो अॅबी रोड स्टुडिओत आला होता, डोकं आणि भुवया भादरलेला, आणि जुन्या सोबत्यांना तो ओळखूच आला नाही. पूर्वी मी हे किस्सा म्हणून सांगायचे. ओळखीचं 'एकोज' समोर चालू असून मला ओळखू येईना, तेव्हापासून सांगत नाही.

बाकी यादी बरीचशी तीच आहे. 'द ग्रेट गिग इन द स्काय' दुसरं, कारण गायिका क्लेअर टोरीचा शब्दांवाचूनचा तो आवाज एका कानातही पुरा मावतो. 'डॉग्ज' तिसरं. 'एकोज'समोरचा आकडा पेन्सिलने लिहिलाय. परवा रात्री तो पहिला सूर उजव्या कानात इतका स्वच्छ वाजला की चार खोडून एक केला. सकाळी परत चार.