डे लेन ली डेमो आणि गिटारची जवारी

मागच्या नोंदीत 'स्माइल'पाशी, म्हणजे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या आधीच्या बँडपाशी थांबलो होतो. ब्रायन मे, रॉजर टेलर आणि टिम स्टॅफेल या तिघांचं 'अर्थ' (Earth) हे गाणं 1969 साली फक्त अमेरिकेत निघालं आणि विरून गेलं. या महिन्यात पुढे सरकलो ते क्वीनच्या पहिल्या डेमोंकडे, म्हणजे अल्बमआधीच्या नमुना रेकॉर्डिंगकडे.

1971च्या अखेरीस डे लेन ली स्टुडिओनं लंडनमधल्या वेम्बलीत नवी जागा घेतली होती. यंत्रणा तपासायला कुणीतरी दणदणीत वाजवणारं हवं होतं. क्वीननं ते काम केलं आणि बदल्यात पाच गाणी रेकॉर्ड करून घेतली. बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनला बँडमध्ये येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आपल्या पाचगणीच्या शाळेत 'हेक्टिक्स'मध्ये पियानो वाजवणारा फ्रेडी मर्क्युरी इथे गातो तेव्हा आवाज अजून पुरता घडलेला नाही, पण धिटाई पूर्ण आहे.

'कीप युअरसेल्फ अलाइव्ह' दोन्ही रूपांत लागोपाठ ऐका. अल्बममध्ये सुरुवातीलाच इलेक्ट्रिक गिटार घुसळत येते. डेमोत आधी अकूस्टिक, म्हणजे विजेशिवायची गिटार वाजते. मला डेमो जास्त आवडतो. 'द नाइट कम्स डाउन' तर 1973च्या पहिल्या अल्बममध्येही वेम्बलीचंच घेतलं आहे. पुन्हा रेकॉर्ड करून ती जान आली नाही.

त्यातल्या अकूस्टिकनं माझे तीन रविवार खाल्ले. ब्रायनची ती स्वस्तातली जुनी गिटार सतारीसारखी झणझणते, कारण त्यानं तिच्या ब्रिजपाशी (गिटारची घोडी) फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या, तारेचा तुकडा बसवला होता आणि तारा त्याला हलकेच घासत. म्हणजे जवारीच की, सतार-तानपुऱ्याच्या घोडीवर तार घासून येते ती झणझण!

घरी आईचा मिरजेचा तानपुरा आहे, म्हणून पहिल्या रविवारी सरळ त्याचाच सुती दोरा गिटारच्या तारांखाली सरकवला. आवाज पार मेला. तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते, तार तिच्यावर लोळते; गिटारच्या सॅडलची (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) धार अरुंद, तिथे दोरा नुसता तार दाबून धरतो. दुसऱ्या रविवारी फ्रेटची तार कापून सॅडलच्या पुढे ठेवली आणि खाली कागदाच्या पट्ट्या घालत उंची वाढवत नेली. तीन पट्ट्यांवर काहीच नाही. चौथीला पहिल्या दोन तारा बोलायला लागल्या, पाचवीला नुसती खरखर.

काल चौथी पट्टी मधोमध कानसून निम्मी केली. आता चार तारा नीट झणझणतात. आई आतून म्हणाली, "जवारी फार खुली झालीय रे, थोडी बंद कर." ऐकलं, तर तिचं खरं होतं: ब्रायनची झणझण सुरामागून येते, माझी सुराआधीच.

जाड तारा अजून मुक्या आहेत. त्यांच्यासाठी तुकडा तिरका बसवून बघतोय. कुणी सतारीची जवारी स्वतः काढली असेल, तर कानस कुठल्या बाजूनं चालवायची ते सांगा.