जन्मदाखल्यात नावच नाही, म्हणून पोरगी शाळेत इनव्हॅलिड

लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, म्हटलं आधी राग जाऊदे. तो काही जात नाहीये, त्यामुळे लिहूनच टाकते, कुणाला तरी उपयोग होईल.

आमच्या गावची शाळा झेडपीची, पहिली ते चौथी. परिपाठ झाला की बाई गेटजवळच्या फळ्यावर दिनविशेष, सुविचार आणि खाली पट नि हजर लिहितात, मुलं एवढी, मुली एवढ्या. आता शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ पासून तिसरा, आणि आमचा पट नेमका त्या काठावर. त्यात संचमान्यतेला (म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवताना) ३० सप्टेंबरचा पट धरतात, तोही आधार व्हॅलिड झालेल्या, म्हणजे शाळेतलं नाव-जन्मतारीख आधारशी जुळलेल्या पोरांचाच. म्हणजे पोरगं रोज वर्गात बसतंय, खिचडी खातंय, फळ्यावर हजर आहे, पण सरकारच्या शाळा पोर्टलवर इनव्हॅलिड असलं तर शिक्षक मोजताना ते नाहीच! मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे (निम्म्या बायका लागतात म्हणून मला घेतलं असं काहीजण म्हणतात, म्हणूदेत) त्यामुळे इनव्हॅलिडवाल्यांची यादी मीटिंगमध्ये वाचली तेव्हा मी समोरच बसलेली. बाकीच्यांची स्पेलिंगची, जन्मतारखेची भानगड, ती निस्तरली पटापट. उरली आमची तिसरीतली.

तिचं असं झालेलं की बाळंतपण माझ्या माहेरी, खानदेशात. दवाखान्याने २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद केली, पण इकडे सासरे आजारी असल्याने बारसं लांबलं, म्हणून दाखल्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा. मग आधार काढलं ते 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. शाळेत अर्थातच तिचं खरं नाव. जुळणार कुठून?

आधार सेंटरवाला म्हणाला, नाव असलेला जन्मदाखला आणा, लगेच करून देतो. आणि हा दाखला तुम्ही राहता तिथे मिळत नाही बरं का, जिथे जन्म झाला तिथेच. म्हणजे माहेरची नगरपालिका. एसटीने अख्खा दिवस. आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

खिडकीवरच्या साहेबांनी कागद हातात पण न घेता सांगितलं, एवढ्या वर्षांनी? तहसीलची ऑर्डर आणा. मी म्हटलं अहो नोंद आहे, वेळेत झालेली आहे, ही बघा झेरॉक्स, फक्त नाव टाकायचंय. तर म्हणे उशिराचं काम बंद आहे. आता हे अर्धवट खरं आहे. जन्माची नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३ खाली ऑर्डर लागते, आणि २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने तसले उशिराचे दाखले द्यायचं थांबवलं होतं, नंतर नियमही कडक केले. त्यामुळे ऑफिसातली माणसं घाबरलेली असतात, ते समजू शकते. पण नोंद आहे आणि नुसतं नाव राहिलंय, हे कलम १४ चं काम. वर्षाच्या आत फुकट, नंतर किरकोळ लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत टाकता येतं. ऑर्डरचा संबंधच नाही. मी हे सांगतेय आणि साहेब मोबाईलमध्ये.

पुढच्या वेळी म्हणाले शाळेचं बोनाफाईड आणा. आणलं. तर त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं आहे म्हणून आधी आधार दुरुस्त करून या!! अहो आधारवाल्यानेच मला तुमच्याकडे पाठवलंय. शाळा म्हणते आधार, आधार म्हणतं दाखला, दाखलावाले म्हणतात आधार. मग कधी सर्व्हर डाऊन, कधी मोठे साहेब मीटिंगला, कधी जुनी रजिस्टरं वरच्या मजल्यावर आणि किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. दादा बिचारा ड्युटी सोडून चकरा मारायचा, शेवटी वहिनी वैतागली, तिचंही बरोबर होतं.

काम झालं ते कशाने सांगते. तोंडी बोलणं बंद केलं. निबंधक, जन्म-मृत्यू यांच्या नावाने साधा अर्ज लिहिला, त्यात नोंदणी क्रमांक, तारीख आणि 'कलम १४ नुसार नाव समाविष्ट करणेबाबत' हे शब्द, खाली आम्हा दोघांच्या सह्या, आणि तो खिडकीवर न देता आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. पोच घेतल्यावर गाडी हलली. नाकारायचं असेल तर लेखी द्या एवढंच दादा म्हणाला, आणि किल्ली सापडली.

रजिस्टर मी डोळ्यांनी बघितलं. जाडजूड, पुठ्ठ्याची बांधणी उसवलेली, आमच्या ओळीत निळ्या शाईत माझं नाव, ह्यांचं नाव, दवाखाना, आणि बाळाच्या नावाच्या जागी एक बारीकशी आडवी रेघ. मोठ्या साहेबांनी त्या रेघेच्या वर नाव लिहिलं, बाजूला सही, तारीख. पावती आमच्या चहाच्या बिलापेक्षा कमी रकमेची. त्यांचा चहा यायच्या आत झालं सगळं! खिडकीवाले म्हणतात कसे, ताई आधीच अर्ज द्यायचा ना. मी काही बोलले नाही, दादाने हात धरून बाहेर आणलं.

हो, एक राहिलंच, प्रिंट काढायच्या आधी स्क्रीनवर इंग्रजी स्पेलिंग स्वतः वाचा, आमच्या आडनावात एक ए जास्त टाकला होता, तसाच छापला असता तर परत इनव्हॅलिड. शाळेच्या जनरल रजिस्टरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि अक्षर न अक्षर ताडून बघा.

आधारचं मग सुरळीत झालं. पोर पाच वर्षांची झाली की बोटांचे ठसे अपडेट करावेच लागतात, आमचं तेही राहिलेलं, त्याच वेळी नावही बदलून घेतलं. तारखेच्या आत पोर्टलवर व्हॅलिड दिसलं, बाईंनी फोन करून सांगितलं आणि मी भाकरी थापता थापता ओरडलेच. तिसऱ्या शिक्षकाचं काय ते संचमान्यता आल्यावर कळेल.

तुमच्या पोराचं व्हॅलिड आहे का हे शाळेत विचारायला जाणार असाल तर सकाळी शाळा भरताना जा. नंतर बाई तांदूळ मोजून देण्यात असतात आणि दुपारी नेट चालत नाही.