भाडेकरार आईच्या नावावर करताना

भावाची नोकरी पुण्याला गेली, घरात आई उरली, करार मात्र भावाच्या नावावर. जुन्या करारात नाव बदलून मिळत नाही. असा करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा असतो, आणि ती त्या माणसापुरती परवानगी असते. जुना करार संपल्याचं मालक आणि भाऊ दोघांच्या सह्यांनी लिहून घ्यायचं आणि आईच्या नावावर नवा करायचा. मालक तयार असेल तर इथवर काहीच अडत नाही.

अडतं ते अंगठ्याशी. ऑनलाइन नोंदणीत बोटाचा ठसा आधारशी जुळावा लागतो. सोलापुरात वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या बायकांची बोटं गुळगुळीत झालेली असतात आणि मशीन त्यांना ओळखतच नाही. आमच्या एजंटाने सरळ सांगितलं, "ताई, भावाच्याच नावावर राहू द्या, काय फरक पडतो?" फरक पडतो! भाऊ तिथे राहत नाही, आईकडे पत्त्याचा कागद नाही, आणि डिपॉझिट परत मागायचा हक्क कागदावर भावाचा. उद्या वाद झाला तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली लेखी करारात जे आहे तेच धरलं जातं. एजंटाचा हा सल्ला ऐकू नका.

आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात, तेव्हा अंगठा नाही जमला तर अनामिका, करंगळी लावून बघायला सांगा. पान आणि कात्री धरणाऱ्या बोटांपेक्षा ती कमी झिजलेली असतात. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावा, सकाळी कोमट पाण्याने धुऊन कोरडे पुसा. बोट अगदी कोरडं असलं तर ठसा पुसट येतो, फार दाबलं तर रेषा पसरतात. मशीनची काचही पुसायला लावा, आधीच्या माणसाचं तेल तिच्यावर असतं. आणि आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे का ते आधी तपासा. लॉक असेल तर चांगलं बोटही जुळणार नाही.

तरीही नाही जमलं तर आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्या. तेवढं थांबायचं नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष नोंदणी होते. मालक, आई आणि ओळख पटवणारी दोन माणसं, सगळ्यांनी मूळ ओळखपत्रं घेऊन जायचं. एजंट हा रस्ता आपणहून सांगत नाहीत, याचा मला अजून राग आहे.

खर्च म्हणाल तर मनपा हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज एवढ्यावरच. ८००० भाडं, २५,००० डिपॉझिट, ११ महिने, तर हिशोबाने सव्वादोनशेच्या आसपास येतं. ११ महिन्यांच्या कराराला नोटरी पुरते, असं पेठेत सगळेच सांगतात. ते खरं नाही. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, नोंदणी लागतेच आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची.

जुनं डिपॉझिट भावाला परत देऊन पुन्हा घेण्याचा घोळ नको. जुन्या कराराचा दस्त क्रमांक टाकून "तेच डिपॉझिट पुढे चालू" असं वाक्य नव्या करारात घाला, आणि जुन्या कराराच्या समाप्तीपत्रावर भावाची त्याला संमती लिहून घ्या. पाणी रोज येत नाही, म्हणून टाकी आणि मोटार वापरायचा हक्कही लिहून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे मालकाने नव्याने द्यायची असते. तिथे आईचंच नाव गेलंय ना, ते पोचपावतीवर बघा.