नर्सिंग का ॲम्ब्युलन्स? तुम्ही विचारलंत म्हणून

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला सुरुवात होते. मामा, मावशी, चुलत्याच्या साडूचा मेव्हणा, वर्षभर ज्यांनी कधी रामराम घातला नाही ते सुद्धा, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ब्रदर (पुरुष नर्सला ब्रदरच म्हणतात), आमच्या लेकराला नर्सिंगला टाकावं का ते ॲम्ब्युलन्सवालं पॅरामेडिक? मलाच विचारतात कारण मी दोन्हीकडचं पाणी प्यालोय, आधी दोन वर्षं प्रायव्हेट कार्डियाक ॲम्ब्युलन्सवर होतो, बीड ते संभाजीनगर, मग जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि आता आयसीयूला स्टाफ नर्स आहे. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिला घोळ शब्दातच आहे. आपल्याकडं पॅरामेडिकल म्हटलं की डीएमएलटी (लॅबवालं), एक्सरे, ओटी टेक्निशियन, डायलिसिस हे सगळं आलं, त्यात वाईट काही नाही, चांगलं काम आहे, पण पॅरामेडिक म्हणजे गाडीत पेशंटपाशी बसणारा माणूस, तो वेगळा. आमच्या एका काकांनी पोराला पॅरामेडिकलला टाकलं आणि सहा महिन्यांनी मला फोन करून म्हणाले, आरं हे तर दिवसभर लघवी तपासायलंय, गाडीवर कवा बसवणार? काय सांगू आता त्यांना.

दुसरं म्हणजे 108, ती सरकारी ॲम्ब्युलन्स. सगळ्यांच्या डोळ्यासमोर तीच गाडी असते, पोरगं युनिफॉर्म घालून सायरन वाजवत चाललंय असं. तर नीट ऐका, महाराष्ट्रात 108 सुरू झाली 2014 ला, तेव्हा 937 गाड्या, त्यातल्या 233 ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या आणि 704 बेसिक, आणि आपल्याकडं त्या गाडीत पुढं पायलट असतो (ड्रायव्हरला पायलटच म्हणतात) आणि मागं डॉक्टर, बहुतेक करून बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदवाला. म्हणजे जी खुर्ची तुम्ही पॅरामेडिकची समजून चाललात तिच्यावर आपल्या राज्यात आधीच डॉक्टर बसलेलाय. देगलूर ओलांडून तेलंगणात गेलात की तिथल्या 108 मध्ये ईएमटी म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन असतो, हैदराबादला 2005 ला ही सेवा सुरू झाली तीच मुळात टेक्निशियनच्या भरवशावर. तिकडचे व्हिडिओ बघून इकडं ॲडमिशन घेणारी पोरं मी बघितलीत, त्यातलाच एक मी.

मी केलेला कोर्स एक वर्षाचा होता, इमर्जन्सी टेक्निशियन असं सर्टिफिकेटवर छापलेलं, इन्स्टिट्यूट मोबाईलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर, एक डमी होती तिचा एक हात निखळलेला. वडलांनी सोयाबीनचे आलेले पैसे तसेच उचलून फी भरली. कोर्स संपल्यावर पहिल्याच ठिकाणी विचारलं, रजिस्ट्रेशन नंबर? आता कसला नंबर. इन्स्टिट्यूटमध्ये विचारायला गेलो तर सर म्हणाले, प्रोसेसमधी आहे. ती प्रोसेस अजून चालू असावी. शेवटी ओळखीनं प्रायव्हेट गाडीवर लागलो, तिथं नंबर कोणी विचारत नाही, रात्री दोनला उठून येतो का एवढंच विचारतात.

पण खोटं कशाला बोलू, त्या कामात जीव लागला होता. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या जातात आणि मग रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, बाईकवाल्याला अंधारात दिसतच नाही. असाच एक पोरगा होता, विशीचा असेल, डोक्याला मार, घशात नळी टाकून व्हेंटिलेटरवर आमच्या ताब्यात दिला. पाडळसिंगीचा टोलनाका ओलांडला आणि व्हेंटिलेटरची बॅटरी गेली, मालकानं चार महिने बदललीच नव्हती. मग काय, नळीला ॲम्ब्यु बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) जोडली आणि दाबत बसलो, दर सहा सेकंदाला एक, मनात आकडे मोजत. गेवराई, शहागडचा गोदावरीवरचा पूल, पाचोड, आडूळ, शंभरेक किलोमीटर. हाताची बोटं आखडून गेली तर कोपरानं मांडीवर दाबून बॅग चालवली. त्याचा मेव्हणा समोर बसलेला, प्रत्येक गतिरोधकाला एकच विचारायचा, चालू हाय ना दादा? चालू आहे म्हणायचो. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात पोचलो, कॅज्युअल्टीत हँडओव्हर दिला, स्ट्रेचर परत घेतलं, गाडी धुतली, चहा पिलो आणि परत बीड. त्याची एक चप्पल गाडीत सीटखाली राहिली होती. पुढं दोन तीन आठवडे ती चप्पल गाडीतच फिरत होती, टाकायला कोणाचा हात धजेना. तो जगला का गेला मला आजपण माहीत नाही.

गाडीवरचं काम असं आहे. पेशंट तुमचा तासभर, फार तर दोन तास, आणि मग दार बंद. काहींना हेच पाहिजे असतं, जीव ओतायचा आणि मोकळं व्हायचं. मला ते सोसेना.

नर्सिंगमध्ये उलटं. तिथं पेशंट चाळीस चाळीस दिवस तुमच्या पदरात. लकवा झालेल्या एक आजी होत्या, दर दोन तासाला कूस बदलायची, पाठ पुसायची, पावडर लावायची, लघवीची पिशवी मोजून चार्टवर लिहायची. ह्याला कोणी सायरन वाजवत नाही. पंधरा सोळा दिवसांनी आजींनी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं माझा हात बाजूला ढकलला, सुई टोचत होतो म्हणून. इंचार्ज सिस्टर तिकडून ओरडल्या, ब्रदर, उजवा हात होता का तो? उजवाच होता. त्या दिवशी सगळ्या स्टाफनं आजींच्या मुलाकडून भजी खाल्ली.

आता पोरांचे बाप हळूच विचारतात ते पण सांगतो, मुलगा आहे, नर्सिंग कसं शोभेल? शोभतं की. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी पाहुण्यांना कंपाउंडर आहे म्हणून सांगितलं होतं, आता त्याच घरात कोणाचं बीपी वाढलं की रात्री आधी मला उठवतात. जागा मात्र मुलांना कमी असतात हे खरं, एम्सच्या भरतीत सुद्धा 80 टक्के मुली 20 टक्के मुलं असा हिशोब आहे, तेव्हा मुलानं जास्त अभ्यास करायचा एवढंच. आणि मुलींच्या बापांनो, नाईट ड्युटी दोन्हीकडं आहे, ती चुकवायची असेल तर दोन्ही नको. वॉर्डात माणसं पण कमी असतात, टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागं एक नर्स असं नर्सिंग कौन्सिलचं म्हणणं, आणि मी एकट्यानं रात्रीचे तीस बघितलेत, तेव्हा सुखाची नोकरी म्हणून येऊ नका.

तर माझं मत असं की, आधी नर्सिंग. जीएनएम तीन वर्षं, बारावी कुठल्याही साईडची चालते, आणि सायन्सला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) असेल तर सीईटी देऊन सरळ बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं. जीएनएमवाल्याला पुढं पोस्ट बेसिक बीएस्सी करून डिग्रीवर जाता येतं. मुख्य म्हणजे स्टेट नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर हातात येतो, त्याच्यावर सरकारी भरती, प्रायव्हेट, गल्फ, सगळी दारं उघडतात. आणि नर्सला गाडीवर जाता येतं हो! कार्डियाक ॲम्ब्युलन्सवाले आयसीयू केलेला स्टाफ शोधतच असतात, मी अजून कधीमधी सुट्टीच्या दिवशी जातो. पण गाडीवरच्याला वॉर्डात येता येत नाही, मला ते तीन वर्षं नव्यानं शिकूनच यावं लागलं. पॅरामेडिकसाठी पण कायदा झालाय, 2021 चा अलाईड हेल्थचा (डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्य कामांचा), त्यात हे काम येतं, पण तेवढ्यावर आपल्या जिल्ह्यात नोकऱ्या निघाल्या असं मला तरी दिसलेलं नाही. लेकरू गाडीसाठीच वेडं असेल आणि पुण्याला किंवा हैदराबादला जायची घरच्यांची तयारी असेल तर विद्यापीठाची डिग्री करू द्या, सहा महिन्याचं वर्षाचं सर्टिफिकेट बिलकुल नको, कोणी कितीही गोड बोललं तरी.

फी भरायच्या आधी कॉलेजला दोनच गोष्टी विचारा, मान्यतेचं पत्र ह्या वर्षीचं दाखवा, आणि पोरं प्रॅक्टिकलला कुठल्या दवाखान्यात जातात, तिथं बेड किती. उत्तर द्यायच्या ऐवजी चहा मागवला तर उठून या. तरी शंका राहिली तर मला फोन करा, फक्त दुपारी तीनच्या आत नको, नाईट करून झोपलेलो असतो.