एक फुटाच्या खोक्यात दीड बॅरल

अकरावी सायन्सचा पहिला धडा युनिट्सचा, आणि पोरांना तो धडा वाटतच नाही. क्लासवाल्यांची डायमेन्शन्स आधीच पाठ असतात, बाकीचे तक्ता घोकतात, आणि कधी एकदा न्यूटनपाशी पोचतो असं सगळ्यांना झालेलं असतं. आमचं कॉलेज कृष्णाकाठचं. पावसाळ्यात इथं निम्म्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ कोयनेचा मेसेज येतो: साठा इतके टीएमसी, आवक इतके क्युसेक, विसर्ग इतका. त्या दिवशी पाऊस कोसळत होता आणि मागच्या बाकांवर तोच मेसेज फिरत होता. म्हटलं, वाचा की मोठ्यानं.

आकडे थोडे गोल करून फळ्यावर मांडले. क्षमता 105.25 टीएमसी, साठा 80, आवक 60,000 क्युसेक, पायथा वीजगृहातून नदीत विसर्ग 2,100. धरण किती दिवसांत भरेल?

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. (1956 च्या कायद्यानं देशात मेट्रिक मापं आली खरी, पण कृष्णेचं पाणी बच्छावत लवादानं टीएमसीतच वाटलं, महाराष्ट्राला 560. आता ते घनमीटरात कोण आणणार!) दोन्हीकडं फूटच असल्यानं मीटरच्या वाटेला जायचं कारण नव्हतं. पण धडा एसआयचा, म्हणजे मीटर-किलोग्रॅमच्या मापांचा, त्यामुळे सगळे तिकडेच पळाले. पहिल्या बाकावरच्या एकीनं एका टीएमसीचे 30 कोटी 48 लाख घनमीटर काढले. एका फुटाचे 0.3048 मीटर, त्यानं गुणलं होतं, पण तीनदा गुणायच्या ऐवजी एकदाच. युनिटच्या डोक्यावर 3 चढला, आकड्याच्या नाही. ही चूक दरवर्षी होते, मी दरवर्षी समजावते आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर. या वेळी समजावलंच नाही. लॅबमधून काचसामानाचं रिकामं खोकं मागवलं आणि पट्टी लावून दाखवली. लांबी, रुंदी, उंची तिन्ही साधारण फूटभर.

"तुझ्या हिशेबानं यात पाणी किती मावेल?"

तिनं काढलं, 304.8 लिटर.

"दीड बॅरल?" मागून एक जण ओरडलाच. त्याच्या घरची द्राक्षबाग, फवारणीचं दोनशे लिटरचं बॅरल रोजचं. "मॅडम, ह्यात पाण्याचा एक जार बसंल, वर थोडं. दीड बॅरल कुठलं!"

जार वीस लिटरचा, खरं उत्तर 28.3. पोरीनं खाडकन खोडून 2 कोटी 83 लाख केलं.

पुढचं गणित सरळ होतं. 25.25 टीएमसी भरायचंय, सेकंदाला 57,900 घनफूट साठतंय. उत्तर 5.0474 दिवस. कॅल्क्युलेटरनं दाखवले तेवढे आकडे वह्यांत उतरले. नदीकाठच्या गावातल्या एका मुलानं मात्र पेनही उचललं नव्हतं.

"लाख क्युसेक दिवसभर म्हणजे साडेआठ टीएमसी, मॅडम. साठ हजाराचे पाच. पाच दिवस."

लाखाला 86,400 सेकंदांनी गुणलं की 8.64 टीएमसी होतात, बरोबरच आहे. हे त्यानं पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. 2019 च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45. तेव्हापासून त्यांच्या घरी हा हिशेब चालतो, जनावरं कधी हलवायची ते ठरवायला.

तेवढ्यात द्राक्षबागवाला पुन्हा उठला. "मॅडम, पोफळीकडं वीज करायला पाणी जातंय, ते धरलंच न्हाई की!"

खरंच धरलं नव्हतं. पोफळीच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या वीजनिर्मितीला वर्षाचे 67.5 टीएमसी ठरलेले आहेत. वर्षभराची सरासरी काढली तर 2,140 क्युसेक. तेही वजा केले आणि उत्तर आलं 5.24. म्हणजे पहिलाच दशांश हलला, 5.0474 मधले ते मागचे आकडे कुणाच्या जोरावर लिहिले होते? शिवाय आवक कुणी मीटर लावून मोजत नाही. तलावाची पातळी किती चढली आणि पाणी किती बाहेर गेलं, यावरून ती काढतात. सिग्निफिकंट फिगर्सचे, म्हणजे उत्तरातले किती आकडे भरवशाचे धरायचे त्याचे, नियम पुढच्या आठवड्यात शिकवायचे होते, ते तिथंच उरकले.

"आणि भरायची वाट बघतंय कोण?" नदीकाठचा म्हणाला. "दारं आधीच उचलत्यात."

मग प्रश्नच फिरवला: हीच आवक राहिली आणि धरण दहा दिवस भरू द्यायचं नसेल, तर सगळं मिळून किती सोडावं लागेल? साधारण 31,000 क्युसेक, असं वर्गानं एका आवाजात सांगितलं तेव्हा केमिस्ट्रीचे सर दारात ताटकळत उभे होते.

चाचणी परीक्षेत हाच प्रश्न आकडे बदलून घातला. दशांशानंतर चार-चार आकडे लिहिणाऱ्यांचा अर्धा गुण कापला, त्यावरून अजून कुरकुर चालू आहे.