ऐरोलीची खाडी, मे महिना: समुद्रविज्ञानाच्या इंटर्नसाठी एका फेरीचा वृत्तांत

ठाणे खाडीतल्या फेरीची तारीख कॉलेजचं वेळापत्रक बघून ठरत नाही, त्यासाठी पंचांग लागतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईतल्या भरतीची ढोबळ वेळ मिळते: द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या) दिवसांत पूर्ण ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळीच लागते. भर दुपारची ओहोटी हवी तर अष्टमी गाठावी लागते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतार कमी असते, आणि चिखल जेमतेम उघडा पडतो. कोळीवाड्यातल्या पोरांना हे पाठ असतं, एमएस्सीच्या मुलांना नसतं. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचं अपोलो बंदराचं कोष्टक पाहावं आणि ठाण्याकडे जावं तशी भरती उशिरा पोचते हे धरावं.

ही फेरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ठेवली होती: उजाडताना काठावरचा चिखल, मग चढत्या पाण्यावर बोट. उलटं करता येत नाही, कारण ओहोटीला जेट्टीपाशी बोट चिखलात बसते. ऐरोली स्टेशनवरून किनारी व सागरी जैवविविधता केंद्रापर्यंत रिक्षा जाते, पण पहाटेची रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवावी.

परवानगीचं आधीच सांगतो. खाडीचा सुमारे १६.९ चौ. किमी पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ठाणे खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. अभयारण्यातून खेकडा, शिंपला, तिवराचं पान, काहीही उचलायचं तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. तो अर्ज वनविभागाच्याच कांदळवन (खारफुटी) कक्षाकडे मार्गदर्शकाच्या नावाने जातो, विद्यार्थ्याच्या नाही. मे महिन्याचं काम असेल तर जानेवारीतच मागे लागावं.

चिखलात गमबूट घालू नयेत. पाय आत रुतला की बूट आतच राहतो. घोट्यापर्यंत घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट बरे. अनवाणी तर मुळीच नको, कालवांच्या शिंपा आणि फुटक्या काचा दोन्ही असतात. रुतलात तर सरळ वर ओढू नका, पुढे झुकून वजन हातांवर घ्या आणि टाच आधी सोडवा. तिवराच्या श्वसनमुळांजवळ जमीन घट्ट लागते म्हणून सगळे तिथूनच चालतात आणि मुळं मोडतात. एकच वाट ठरवून सगळ्यांनी तीच वापरावी.

नमुन्यासाठी २५ बाय २५ सेंमीची चौकट टाकून आतला चिखल बादलीत घ्यायचा आणि ५०० मायक्रॉनच्या चाळणीतून त्याच दिवशी गाळायचा. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पाण्याचा जोराचा फवारा मारला की गांडुळासारखे नाजूक वलयी प्राणी तुटतात आणि मोजणी फुगते. नळाचं पाणी वापरलं तर मऊ अंगाचे प्राणी फुगून फाटतात. गाळायला खाडीचंच गाळलेलं पाणी घ्यावं, चाळणी बादलीत अर्धी बुडवून हलकेच हलवावी. मग नमुना टिकवायला १० टक्के फॉर्मॅलिन, म्हणजे बाजारातलं एक भाग आणि खाडीचं पाणी नऊ भाग. त्यात थोडा बोरॅक्स, नाहीतर शिंपल्यांची कवचं विरघळू लागतात. रोझ बेंगाल हा रंग टाकला की प्राणी गुलाबी होऊन चटकन दिसतात. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाकावी. बाहेर मार्करने लिहिलेलं अल्कोहोलचा एक थेंब पुसून टाकतो. हातमोजे घालूनच काम करा आणि या बरण्या आठ वाजताच्या लोकलमध्ये नेऊ नका, गाडीची सोय करा.

बोटीवर पाणी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून घ्यावं, वारा येतो त्या बाजूने. मागे डिझेलचा तवंग असतो. तळाचं पाणी निस्किन बाटलीने (हव्या त्या खोलीवर बंद होणाऱ्या नळकांड्याने) घेताना ती तळापासून मीटरभर वर थांबवावी, नाहीतर ढवळलेला गाळच भरतो. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी नळी बाटलीच्या बुडापर्यंत घालून पाणी ओसंडू द्यायचं, एकही बुडबुडा नको. ३०० मिलीच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड एक-एक मिली, तेही पृष्ठभागाखाली सोडून. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढरा आला तर बहुधा नाही. ठाण्याकडच्या अरुंद भागात पांढरा साका दिसला तर लगेच चूक समजू नये, दुसरी बाटली भरून पडताळावं. आम्ल आणि टायट्रेशन प्रयोगशाळेत, त्याच दिवशी. तोवर बाटल्या अंधारात.

पाण्यातलं क्लोरोफिल मोजायला पुस्तकातलं लिटरभर पाणी इथे गाळायला जाऊ नका. गाळाने जीएफ/एफ (काचतंतूंचा) फिल्टर लगेच तुंबतो. शंभर-दोनशे मिलीवर थांबावं आणि किती गाळलं ते वहीत लिहावं. हा आकडा नसेल तर पुढचं सगळं गणित वाया. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर रोज डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणावा.

सगळं बोटीचं काम मेमध्येच उरकावं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, होड्या ओढून वर ठेवतात, आणि पाऊस लागला की क्षारतेचे आकडे मेच्या आकड्यांशी जुळत नाहीत.

अर्जांबद्दल थोडं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज आदल्या वर्षी नोव्हेंबरच्या सुमारास भरायचे असतात. मार्चमध्ये जागे होणाऱ्यांसाठी ती वाट बंद. एनआयओचं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं) मुंबई केंद्र आणि सीआयएफई (केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था), दोन्ही अंधेरी पश्चिमेला वर्सोवा परिसरात. तिथे शास्त्रज्ञांना थेट ईमेल लिहावी लागते. 'मला समुद्रविज्ञानात रस आहे' अशा ईमेलला उत्तर येत नाही. त्यांचा अलीकडचा एखादा शोधनिबंध वाचून कोणतं काम करता येईल, कोणत्या तारखांना, आणि चाळणी-मायक्रोस्कोप यांतलं काय येतं, एवढं दहा ओळींत लिहावं. सोबत कॉलेजचं पत्र. ठाण्यातल्यांनी खाडीकाठच्या बांदोडकर कॉलेजातही विचारावं. वर्सोव्याला ठाण्याहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो, दारापासून दारापर्यंत दीड तास धरावा. राहण्याची सोय संस्था करेल असं गृहीत धरू नये, आणि मायक्रोस्कोपचं काम संध्याकाळी लांबतं तेव्हा परतीची गाडीही आधीच पाहून ठेवावी.