फुंकायचं नाही, ओढायचं

मागच्या वर्षी बाबांना न्यूमोनिया झाला, नऊ दिवस अॅडमिट होते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डातच त्यांच्या हातात श्वासाच्या व्यायामाचं एक प्लास्टिकचं खेळण्यासारखं यंत्र दिलं, तीन उभे कप्पे, तीन बॉल, एक नळी आणि कप्प्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे. बाबांनी नळी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकलं, बॉल जागचे हलले नाहीत. फिजिओथेरपीवाल्या ताई शांतपणे म्हणाल्या, "काका, फुंकायचं नाही, ओढायचं. सावकाश. आणि बॉल वर गेला की तिथेच जरा धरून ठेवायचा." मग पहिला बॉल थरथरत वर गेला, दुसरा नुसता हलला, तिसरा ढिम्म. बाबांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना.

खरं सांगायचं तर हे सगळं न्यूमोनियाने केलेलं नव्हतं. त्याआधी दोन वर्षं बाबा जिन्याच्या वळणावर थांबून मोबाईल बघायचे. चालता चालता फोनवर बोलणं त्यांनी कधीतरी बंदच केलं होतं. आम्ही सगळे म्हणायचो वय झालं, आणि ते दम खायला थांबतायत हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

फुफ्फुसाचं हेच अवघड आहे, ते तक्रार करत नाही. आतल्या भागाला वेदना कळतच नाही, दुखतं ते बाहेरचं आवरण. शिवाय शिल्लक भरपूर असते. आपण बसल्या जागी एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो आणि मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात पाच-सहा लिटर मावते, आत ३० ते ५० कोटी वायुकोश, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्या असतात, त्यामुळे थोडंथोडं कमी होत गेलं तरी रोजच्या कामात काही जाणवत नाही, आणि जाणवायला लागतं तेव्हा बरंच गेलेलं असतं. साधारण विशी-पंचविशीत फुफ्फुसांची ताकद सगळ्यात जास्त असते, नंतर ती हळूहळू उतरतेच. म्हणून त्रास नाही तेव्हाच सवयी लावायच्या, एवढंच मला कळकळीने सांगायचंय.

सिगरेटबद्दल आधी बोलते कारण बाबा ओढायचे. श्वासनलिकेच्या आत केसांसारखे बारीक तंतू असतात, ते सतत हलत असतात आणि कफात अडकलेली धूळ, जंतू वर घशाकडे ढकलत राहतात. धुराने ते लुळे पडतात. सिगरेट सोडली की ते परत कामाला लागतात, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे काहींचा खोकला उलट वाढतो, आणि लोक म्हणतात बघ, सोडली आणि त्रास सुरू झाला, आणि परत पेटवतात!! प्लीज असं करू नका, ती आतली साफसफाई असते. सोडल्यावर दहाएक वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत साधारण निम्म्यावर येतो. पण जे वायुकोश मोडले ते मोडले, ते परत येत नाहीत. आणि खिडकीत उभं राहून ओढली तरी घरातल्यांच्या नाकात धूर जातोच.

घरातही आम्ही बरंच बदललं. तळण असलं की गॅस पेटवायच्या आधी एक्झॉस्ट लावायचा आणि स्वयंपाक झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचा. कोरडा झाडू शक्यतो नाही, ओलं फडकं, कारण झाडूने अर्धी धूळ नुसती उडते आणि परत तिथेच बसते. माळा साफ करताना मास्क. ब्लीच आणि अॅसिडवाला टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र ओतायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बाहेरची हवा खराब असेल त्या दिवशी चालणं घरातल्या घरात. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची बाबांना डॉक्टरांना विचारून दिली.

व्यायामाने नवीन वायुकोश तयार होत नाहीत हो, पण पायाचे स्नायू तयार झाले की तेवढ्याच कामाला ऑक्सिजन कमी लागतो आणि दम कमी लागतो. रोज अर्धा तास भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. आणि श्वास सोडण्याकडे लक्ष, हे मला नवीन होतं. नाकाने दोन आकडे मोजत आत, शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार आकडे मोजत बाहेर. दम लागलेला असताना माणूस आणखी हवा आत ओढायला बघतो, पण आतली जुनी हवा बाहेर पडल्याशिवाय नवीनला जागा कुठून होणार. बाबा आता जिन्यावर असाच श्वास सोडत चढतात.

खोकला दोन-तीन आठवड्यांच्या वर गेला, कफात रक्त दिसलं, किंवा पूर्वी सहज चढायचा तो जिना जड जायला लागला, तर घरगुती काढ्यांत वेळ न घालवता डॉक्टरकडे जा आणि स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. फुफ्फुसांची ताकद मोजणारी दहा-पंधरा मिनिटांची फुंकायची टेस्ट आहे, सुई नाही काही नाही.

ते यंत्र अजून बाबांच्या उशाशी असतं. दुसरा बॉल आता पूर्ण वर जातो, तिसरा कधीतरी, आणि तो गेला की स्वयंपाकघरापर्यंत हाक येते.